कलीग, असोसिएट, पीअर, फेलो, पार्टनर: इंग्रजीत 'सहकारी' लिहिताना नेमका कुठला शब्द घ्यायचा

मराठीत 'सहकारी' म्हटलं की बरंचसं काम भागतं. ऑफिसात शेजारी बसणारा सहकारी, संस्थेच्या कमिटीतला सहकारी, रिसर्चमध्ये सोबत काम करणारा पण सहकारीच. इंग्रजीत लिहायला बसलं की मात्र गाडी अडते, कारण तिथे याच जागेसाठी कलीग, को-वर्कर, असोसिएट, पीअर, फेलो, पार्टनर, टीममेट, कंपॅनियन, कॉम्रेड अशी मोठी रांग उभी असते आणि डिक्शनरी उघडली तर सगळ्यांच्या पुढे फिरून फिरून तेच 'सहकारी, सोबती, साथीदार' लिहिलेलं असतं. मग हाताला येईल तो शब्द टाकला जातो. ग्रामर बरोबर असतं, स्पेलिंग बरोबर असतं, तरी वाचणाऱ्याला भलताच अर्थ लागतो, म्हणजे कोणी तुमचा नोकर वाटतो, कोणी मालक, कोणी नवरा किंवा बायको, आणि एखाद्या वेळी चक्क गुन्ह्यातला साथीदार!

मला या शब्दांबद्दल एकच गोष्ट मनापासून सांगायची आहे, ती म्हणजे मराठी शब्दावरून इंग्रजी शब्द शोधायला जाऊ नका, आधी हे विचारा की या दोन माणसांमध्ये सामाईक काय आहे? काम, दर्जा, पैसा, प्रवास, की गुन्हा? त्याचं उत्तर मिळालं की निम्मे शब्द आपोआप गळून पडतात.

आधी एक वाक्य घेऊन बघू

क्लायंटला मेल लिहिताय आणि सांगायचंय की उद्या माझ्याऐवजी दुसरं कोणीतरी फोन करेल. 'माय अमुक विल कॉल यू टुमॉरो.' आता त्या 'अमुक'च्या जागी एकेक शब्द ठेवून बघा.

कलीग ठेवलं तर वाचणाऱ्याला कळतं की याच ऑफिसातलं किंवा याच कामातलं कोणीतरी आहे, वरचं की खालचं ते सांगितलेलं नाही, आणि ते सांगायची गरजही नाही. असोसिएट ठेवलं की चित्र बदलतं, आता वाटतं की तुम्ही मुख्य आणि हा माणूस तुमच्या हाताखालचा, किंवा मग तुमच्याशी व्यवहार असलेला बाहेरचा कोणीतरी, नेमकं नातं धूसर राहतं. पार्टनर ठेवलं तर धंद्याचा अर्धा मालक फोन करणार आहे असं वाटेल, नाहीतर तुमच्या घरचं माणूस. असिस्टंट म्हणजे उघड उघड हाताखालचं माणूस. पीअर ठेवलं तर वाक्य विचित्रच होतं, कारण पीअर हा शब्द तुलना करताना येतो, एखाद्या माणसाची ओळख करून देताना येत नाही. आणि नुसतं 'माय फेलो' तर चालतच नाही.

वाक्य तेच, माणूस तोच, फक्त एका शब्दाने क्लायंटच्या मनातली त्याची खुर्ची बदलली. म्हणून हे प्रकरण नीट समजून घेण्यासारखं आहे.

पायरी १: सामाईक काय आहे ते ठरवा

हे लक्षात ठेवायला या शब्दांची मुळंच कामाला येतात, कारण प्रत्येक शब्दाच्या पोटात 'काय वाटून घेतलं' हे लिहिलेलं आहे.

कलीग लॅटिनमधल्या 'कोलेगा'वरून आला, म्हणजे आपल्यासोबत त्याच पदावर नेमलेला माणूस. प्राचीन रोममध्ये दरवर्षी दोन कॉन्सल, म्हणजे राज्याचे सर्वोच्च अधिकारी, निवडले जायचे, दोघांचे अधिकार सारखे, एकाने घेतलेला निर्णय दुसरा अडवू शकायचा, आणि ते एकमेकांचे कोलेगा. म्हणजे इथे सामाईक आहे ते काम आणि जबाबदारी. 'कॉलेज' हा शब्दसुद्धा याच घरातला.

कंपॅनियनमध्ये 'पानिस' आहे, लॅटिनमध्ये पानिस म्हणजे ब्रेड, एकत्र बसून ब्रेड खाणारे ते कंपॅनियन. मेट या शब्दाच्या मुळाशीसुद्धा सोबत जेवणंच आहे. कॉम्रेड स्पॅनिशमधल्या 'कामारादा'वरून, म्हणजे एका खोलीत राहणारे. फेलो जुन्या नॉर्स भाषेतल्या 'फेलागी'वरून, त्यात 'फे' म्हणजे गुरंढोरं, मालमत्ता, आणि पुढचा भाग म्हणजे ठेवणं, थोडक्यात एकत्र भांडवल घालणारे भागीदार. गंमत म्हणजे आज फेलोमध्ये पैशाची भागीदारी अजिबात उरलेली नाही, ती सगळी पार्टनरकडे गेली. पीअर लॅटिन 'पार'वरून, पार म्हणजे समान. आणि असोसिएटमध्ये 'सोशियस' म्हणजे सोबती आहे, त्याच मुळावरून सोसायटी आणि सोशल पण आले.

तर रोजच्या वापरासाठी एवढं धरून चाला: काम सामाईक असेल तर कलीग, दर्जा सामाईक असेल तर पीअर, पैसा आणि जोखीम सामाईक असेल तर पार्टनर, टीम सामाईक असेल तर टीममेट, सहवास किंवा प्रवास सामाईक असेल तर कंपॅनियन, लढा किंवा विचारसरणी सामाईक असेल तर कॉम्रेड, हितसंबंध आणि शत्रू सामाईक असेल तर अलाय, आणि गुन्हा सामाईक असेल तर अकंप्लिस. असोसिएट मुद्दामच या यादीत नाही घेतला, त्याचं वेगळं बघावं लागतं.

पायरी २: वर, खाली की बरोबरीचा

कलीगमध्ये दर्जा लपलेला राहतो. बॉससुद्धा तुमचा कलीग असू शकतो आणि काल लागलेला नवा मुलगासुद्धा. म्हणून एखाद्याच्या पदाचा उल्लेख टाळायचा असेल, त्याला मान द्यायचा असेल, तर कलीगसारखा दुसरा शब्द नाही. सीनियर माणूस मीटिंगमध्ये ज्युनियरची ओळख 'माय कलीग' अशी करून देतो तेव्हा ज्युनियरचा भाव वाढतो, आणि चांगले सीनियर हे मुद्दाम करतात.

पीअरमध्ये उलट दर्जा हाच सगळा मुद्दा आहे. कंपनीत अप्रेझलच्या वेळी चारी बाजूंनी फीडबॅक घेतात त्या फॉर्ममध्ये बघा, मॅनेजर वेगळा, पीअर वेगळे, आणि तुम्हाला रिपोर्ट करणारे वेगळे. तिथे पीअर म्हणजे तुमच्या लेव्हलचे लोक, मग ते दुसऱ्या डिपार्टमेंटचे का असेनात. तुमची मॅनेजर तुमची कलीग आहे पण पीअर नाही. आणि दुसऱ्या कंपनीत तुमच्याच पदावर बसलेला माणूस तुमचा पीअर आहे, तो तुमचा को-वर्कर मात्र नाही. एवढं एक समजलं तर पीअरमधला गोंधळ संपतो. १२१५ सालच्या मॅग्ना कार्टा या इंग्लंडमधल्या हक्कांच्या सनदेमध्ये असं कलम आहे की मोकळ्या माणसाला त्याच्या पीअर्सच्या न्यायनिवाड्याशिवाय किंवा देशाच्या कायद्याशिवाय कैद करता येणार नाही, तिथेही अर्थ हाच, त्याच्या बरोबरीच्या लोकांनी न्याय करायचा. पीअर रिव्ह्यू, पीअर प्रेशर, पीअर ग्रुप, सगळीकडे 'आपल्याच पातळीचे' हाच धागा आहे. ब्रिटनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्समधल्या सरदारांनाही पीअर म्हणतात, ते बाकीच्या जनतेच्या बरोबरीचे म्हणून नाही तर मूळ कल्पना अशी की ते आपापसात समान.

'सबऑर्डिनेट' हा शब्द शक्यतो टाळाच. डिक्शनरीप्रमाणे तो बरोबर आहे, पण माणसासाठी वापरला की कानाला कडक लागतो. 'शी इज ऑन माय टीम' किंवा 'शी रिपोर्ट्स टू मी' असं लिहिलं की तेच कळतं आणि कोणाला कमी लेखल्यासारखं होत नाही. तसंच टीम मेंबर आणि टीममेट हे एक नाहीत, बॉस म्हणतो टीम मेंबर, आणि बरोबरीने खेळणारा किंवा काम करणारा म्हणतो टीममेट.

पायरी ३: हा शब्द वर्णन आहे की पदनाम, ते बघा

इथेच असोसिएट आणि फेलो येतात, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, त्यामुळे जरा थांबून बघू.

असोसिएट पदनामात आला की बहुतेक वेळा त्याचा अर्थ 'जोडलेला आहे, पण पूर्ण नाही' असा असतो. आंतरराष्ट्रीय क्रिकेट कौन्सिलमध्ये १२ फुल मेंबर देश आहेत आणि बाकीचे असोसिएट मेंबर, कसोटी खेळायचा दर्जा फुल मेंबरना. लॉ फर्ममध्ये असोसिएट म्हणजे पगारावर काम करणारा वकील, त्याच्या वर सीनियर असोसिएट आणि त्याच्याही वर पार्टनर, जो फर्मच्या मालकीत वाटेकरी असतो. तिथल्या पार्टनरला तुम्ही पत्रात 'युअर असोसिएट' म्हणालात तर त्याला एकदम दोन पायऱ्या खाली उतरवलंत. युनिव्हर्सिटीत असोसिएट प्रोफेसर हा असिस्टंट प्रोफेसरच्या वर आणि प्रोफेसरच्या खाली, आपण मराठीत सहायक प्राध्यापक आणि सहयोगी प्राध्यापक म्हणतो तेच, ही जोडी तर कधीच उलटी करू नका, त्यात त्या माणसाची कित्येक वर्षांची मेहनत आहे. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात एक चीफ जस्टिस आणि आठ असोसिएट जस्टिस असतात, पण तिथे निकाल देताना आठांपैकी प्रत्येकाचं मत चीफच्या मताइतकंच मोजलं जातं, म्हणजे असोसिएट आहे म्हणून मत अर्धं असं नाही. सांगायचा मुद्दा हा की असोसिएटचा वजनदारपणा ज्या संस्थेत तो वापरलाय त्या संस्थेवर अवलंबून आहे.

काही कंपन्या तर हे शब्द मुद्दाम वेगळ्या अर्थाने वापरतात. वॉलमार्ट आपल्या कर्मचाऱ्यांना असोसिएट म्हणते, स्टारबक्स पार्टनर म्हणते. ब्रिटनच्या जॉन लुईस या दुकानांच्या कंपनीतही कर्मचाऱ्यांना पार्टनर म्हणतात, फक्त तिथे ती कंपनी खरोखरच कर्मचाऱ्यांच्या मालकीची आहे. त्यामुळे एखाद्याच्या सीव्हीवर 'पार्टनर' दिसलं म्हणून लगेच मालक समजू नका आणि 'असोसिएट' दिसलं म्हणून लगेच वकील समजू नका, कंपनी कुठली ते बघा.

आणि पदनाम नसताना, नुसतं वर्णन म्हणून असोसिएट वापरला की त्याला एक वेगळाच रंग चढतो. 'बिझनेस असोसिएट' इथपर्यंत ठीक आहे, म्हणजे ज्याच्याशी धंद्याचे संबंध आहेत असा माणूस. पण नुसतं 'ॲन असोसिएट ऑफ हिज' म्हटलं तर इंग्रजी बातम्या वाचणाऱ्याच्या डोक्यात पोलिसांची भाषा येते, एखाद्या टोळीच्या म्होरक्याचे 'नोन असोसिएट्स', 'क्लोज असोसिएट' वगैरे. आपल्या मराठी बातम्यांमध्ये 'साथीदार' या शब्दाचं जे झालंय तेच. म्हणून शिफारसपत्रात कोणाबद्दल चांगलं लिहिताय तर असोसिएट नको, कलीग लिहा.

आता फेलो. याचे तीन वेगळे वापर आहेत आणि ते एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत.

पहिला म्हणजे सन्मान किंवा पद. मोठ्या विद्वत्संस्थांमध्ये फेलो हा साध्या मेंबरच्या बराच वरचा असतो. इंजिनियर लोकांच्या आयट्रिपलई या संस्थेत मेंबर, मग सीनियर मेंबर, आणि सगळ्यात वर फेलो, शिवाय एका वर्षात मतदानाचा हक्क असलेल्या सभासदांच्या ०.१ टक्क्याहून जास्त लोकांना फेलो करता येत नाही असा नियम आहे. रामानुजनचं उदाहरण इथे फार छान बसतं. १९१८ साली ते आधी लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले आणि त्याच वर्षी पुढे केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचे फेलो. शब्द एकच, पण पहिला म्हणजे विज्ञानातल्या कामाबद्दलचा सन्मान आणि दुसरा म्हणजे कॉलेजातलं प्रत्यक्ष स्थान. आज रिसर्च फेलो, पोस्टडॉक्टरल फेलो म्हणतात तेव्हा मात्र ठरावीक काळासाठी पैसे मिळणारं संशोधनाचं काम असा अर्थ असतो, आणि अमेरिकेत डॉक्टर रेसिडेन्सी संपवून पुढचं स्पेशल ट्रेनिंग घेत असेल तर त्यालाही फेलो म्हणतात. म्हणून सीव्हीत नुसतं 'फेलो' लिहू नका, कुठल्या संस्थेचा, कुठल्या प्रकारचा ते पूर्ण लिहा.

दुसरा वापर विशेषणासारखा: फेलो स्टुडंट्स, फेलो पॅसेंजर्स, फेलो सिटिझन्स. इथे फेलोनंतर नाम यायलाच पाहिजे आणि मध्ये हायफन नको. अर्थ असा की आपण दोघं त्या एकाच गटातले. 'फेलो कलीग' हे मात्र खोडून टाका, कलीगमध्ये 'सोबतचा' हा अर्थ आधीच आहे, फेलोने तो परत सांगायला नको, फारच वाचायला मिळतं हे. आणखी एक जपायची जागा, ट्रेनमधल्या माणसासाठी फेलो पॅसेंजर म्हणा, फेलो ट्रॅव्हलर म्हणताना संदर्भ बघा, कारण राजकारणात फेलो ट्रॅव्हलर म्हणजे कम्युनिस्ट पक्षाचा सभासद नसलेला पण त्यांच्याबद्दल सहानुभूती असलेला माणूस, असा जुना आणि पक्का अर्थ बसलेला आहे.

तिसरा वापर म्हणजे नुसता 'माणूस' या अर्थी, 'ही इज अ नाइस फेलो'. बोलण्यात चालतं, थोडं जुनं वाटतं. ऑफिसच्या मेलमध्ये नको.

पायरी ४: शब्दाला वास कसला येतो

अर्थ बरोबर असूनही शब्द चुकतो तो इथे. कोलॅबोरेटर घ्या. शास्त्रज्ञ, लेखक, संगीतकार यांच्यासाठी हा उत्तम शब्द, सोबत मिळून काहीतरी निर्माण करणारा. पण दुसऱ्या महायुद्धाबद्दल लिहिताना हाच शब्द शिवीसारखा आहे. ऑक्टोबर १९४० मध्ये, जर्मनीकडून हरलेल्या फ्रान्सचे तेव्हाचे प्रमुख मार्शल पेतां यांनी हिटलरची भेट घेतली आणि रेडिओवरून जर्मनीशी 'कोलॅबोरेशन'चा मार्ग जाहीर केला, तेव्हापासून युरोपच्या इतिहासात कोलॅबोरेटर म्हणजे शत्रूला सामील झालेला. म्हणून इतिहासाच्या निबंधात, युद्धाच्या विषयात, चांगल्या अर्थाने सहकार्य म्हणायचं असेल तर अलाय किंवा पार्टनर घ्या.

क्रोनी म्हणजे मुळात जुना दोस्त, सतराव्या शतकात केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी ग्रीक 'ख्रोनिओस'वरून उचललेला शब्द असं मानतात, म्हणजे दीर्घकाळ टिकलेला. आज तो कौतुकाने क्वचितच येतो, क्रोनी कॅपिटॅलिझममुळे तर पारच काळवंडला. सत्तेत बसलेल्याने ज्यांची सोय लावली ते क्रोनी.

अकंप्लिस फक्त गुन्ह्यासाठी. कोणी प्रेमाने, थट्टेने 'माय पार्टनर इन क्राइम' म्हणतात ते मित्रांत ठीक, पण अकंप्लिस म्हणाल तर गुन्ह्यात प्रत्यक्ष सामील असाच अर्थ होतो. गुन्हा घडताना तिथे नव्हता पण आधी किंवा नंतर मदत केली, त्याला कायद्याच्या भाषेत ॲक्सेसरी म्हणतात.

कॉम्रेड डाव्या चळवळीत संबोधन आहे आणि सैन्यात सोबत लढलेल्यांसाठी आहे. या दोन जागा सोडून ऑफिसच्या मेलमध्ये 'डिअर कॉम्रेड्स' लिहिलं तर वाचणारा बुचकळ्यात पडेल. कंपॅनियन गोड शब्द आहे, पण त्यात जवळीक जास्त आहे, ऑफिसातल्या माणसाला कंपॅनियन म्हटलं तर नात्याबद्दल गैरसमज होतो. आजारी किंवा वयस्कर माणसासोबत राहायला पगारावर ठेवलेल्या व्यक्तीलाही कंपॅनियन म्हणतात.

पार्टनरबद्दल एकच नियम पाळा, धंद्यातला असेल तर पुढे 'बिझनेस' जोडाच. नुसतं 'माय पार्टनर' म्हटलं की आजकाल आधी आयुष्याचा जोडीदारच डोळ्यासमोर येतो.

पायरी ५: जवळजवळ दिसणाऱ्या जोड्या

कलीग आणि को-वर्कर यात फरक थोडा आहे पण आहे. को-वर्कर म्हणजे एकाच जागी, एकाच मालकाकडे काम करणारे, मग काम कुठलंही असो. कलीगमध्ये व्यवसायाचा भाव जास्त, म्हणून डॉक्टर, शिक्षक, वकील, शास्त्रज्ञ एकमेकांना कलीग म्हणतात, अगदी दुसऱ्या शहरातल्या हॉस्पिटलमधला डॉक्टर असला तरी. तो को-वर्कर होऊ शकत नाही, कारण मालकच वेगळा. संसदेत विरोधी पक्षाचा सदस्यसुद्धा 'माय कलीग' असतो.

काउंटरपार्ट हा फार उपयोगी शब्द आणि आपण तो फारच कमी वापरतो. दुसऱ्या देशात किंवा दुसऱ्या संस्थेत तुमच्याच जागेवर असलेला माणूस तो काउंटरपार्ट. परराष्ट्रमंत्री जपानला जाऊन ज्यांना भेटतात ते त्यांचे काउंटरपार्ट. पीअर आणि काउंटरपार्टमध्ये फरक असा की पीअर अनेक असतात, काउंटरपार्ट बहुतेक वेळा एकच.

कोहोर्ट हा एका माणसासाठी वापरू नका. रोमन सैन्यातल्या लिजनचा, म्हणजे मोठ्या पलटणीचा, दहावा भाग म्हणजे एक कोहोर्ट, म्हणजे मुळातच तुकडी. आजही संख्याशास्त्रात आणि मेडिकल रिसर्चमध्ये कोहोर्ट म्हणजे गटच. 'हिज कोहोर्ट्स' असं साथीदारांसाठी अमेरिकेत लिहितात, डिक्शनऱ्यांनी ते नोंदवलंय पण जपून वापरणारे लोक अजून नाक मुरडतात.

बॅचमेट आपल्याकडे इतका रुळलाय की तो भारतीय इंग्रजीतला शब्द आहे हे लक्षातच येत नाही. बाहेरच्या युनिव्हर्सिटीला अर्ज लिहिताना क्लासमेट लिहा, किंवा 'वी ग्रॅज्युएटेड इन द सेम इयर' लिहा.

पायरी ६: शब्द ठरला, आता त्याच्या आजूबाजूचे शब्द

'अ कलीग ऑफ माइन' म्हणजे अनेकांपैकी एक, 'माय कलीग' म्हणजे ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय तो ठरलेला. पहिल्यांदा ओळख देताना 'अ कलीग ऑफ माइन' जास्त सहज वाटतं. अकंप्लिसनंतर गुन्ह्यासाठी 'इन' किंवा 'टू' येतं, पार्टनरनंतर धंद्यासाठी 'इन', आणि असोसिएट क्रियापद असेल तर 'विथ', 'टू' कधीच नाही.

उच्चारही बघून घ्या. कलीगमध्ये जोर पहिल्या अक्षरावर, 'कॉलीग' असा, आणि स्पेलिंगच्या शेवटचे यू आणि ई बोलायचे नाहीत. असोसिएट नाम असताना शेवट तोकडा, 'असोशिअट'सारखा, आणि क्रियापद असताना 'एट' पूर्ण उच्चारायचं. अलाय नाम म्हणून बोलताना जोर सुरुवातीच्या 'ॲ'वर येतो.

को-वर्करमध्ये हायफन ठेवणं चांगलं, कारण हायफन काढला की डोळा आधी 'काउ' वाचतो आणि अडखळतो. बऱ्याच ठिकाणी हायफनशिवायही छापतात, तेही चूक नाही, फक्त एका लेखात एकच पद्धत ठेवा.

आणि इतकं करूनही कुठला शब्द घ्यावा ते ठरत नसेल, नातं खरंच गुंतागुंतीचं असेल, तर नामाचा हट्ट सोडून क्रियापदाने सांगा. 'वी वर्क टुगेदर', 'वी रन द फर्म टुगेदर', 'वी स्टडीड टुगेदर', 'शी ॲडव्हायजेस अस ऑन टॅक्स'. वाचणाऱ्याला नातं नेमकं कळतं, आणि कोणाला वर चढवायची किंवा खाली उतरवायची वेळच येत नाही.